झाप वर्षाचे, सांगाडा कायमचा

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देत आहोत.

"घराच्या मागे, पश्चिमेला, 15 फूट लांब आणि 12 फूट रुंद अशी फरसबंदी मोकळी जागा आहे. वर लोखंडी पाइपचा सांगाडा आहे, भिंतीकडे साडेआठ फूट आणि बाहेरच्या बाजूला साडेसात फूट उंच. त्यावरची हिरवी जाळी दोन वर्षांत फाटली. तिच्याखाली बसलेल्या माणसांचे चेहरेसुद्धा हिरवट दिसत. मुलगा म्हणतो, रिसॉर्टसारखं करू या, आणि प्लास्टिकच्या वेली घेऊन आलाय. माझ्या मनात झाप (माडाच्या झावळीचे विणलेले तट्टे) आणि बांबू आहे. आमचे 9 माड आहेत, थोड्या पोफळी आहेत. पण गेल्या वर्षी विकत आणलेल्या बांबूच्या चिकेतून चार महिन्यांत पिवळा भुसा गळायला लागला. झाप किती लागतील? पावसाळ्यात वर ताडपत्री घातली तर ते टिकतील का? आणि हे सगळं दिसायला छान कसं करायचं?"

ताई, झाप घालाच. मात्र ते बारमाही ठेवायचा विचार मनातून काढून टाका. कोकणात खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडव पडतो तो पाऊस सरल्यावर आणि उतरतो मिरगाच्या आधी. यामागे साधं कारण आहे. झापाच्या छपरावरून पाणी निथळून जायचं तर उतार चांगला उभा, 45 अंशांच्या आसपास लागतो. तुमचा उतार 12 फुटांत 1 फूट. त्यावर पाणी मुरणार, महिन्याभरात बुरशी येणार आणि श्रावणापर्यंत काळा लगदा खाली गळणार. वर ताडपत्री घातली तर आणखी बिघडतं, कारण खालून आलेली वाफ अडते, पाती आतल्या आत कुजतात, आणि त्या उबदार पोकळीत उंदीर घर करतात. उंदरामागोमाग साप येतो. म्हणून पैसे आणि मेहनत सांगाड्यावर घाला, आच्छादन दरवर्षी नवं करा. झावळ्या घरच्याच असताना ते जड जाणार नाही.

पाइपचा सांगाडा काढू नका. लाकडी किंवा बांबूचा खांब जमिनीत पुरला की मातीच्या रेषेशी दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो, तुमचा तो प्रश्न सुटलेलाच आहे. फक्त खांब फरशीत शिरतो तिथे हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आतून गंज खातोय, तो तुकडा बदलून घ्या. खाऱ्या हवेत गंज इथूनच सुरू होतो. बाकी पाइप खरवडून, गंजरोधक प्रायमरचा एक आणि गडद तपकिरी रंगाचे दोन हात द्या. बांबूशेजारी तपकिरी पाइप डोळ्यांना खुपत नाही.

आता भुशाचा प्रश्न. तो भुसा म्हणजे बांबूतल्या पिठूळ अंशावर जगणाऱ्या बारीक भुंगेऱ्याची करामत. बांबू कोवळा असेल, किंवा पावसाळ्यात कोंब फुटण्याच्या दिवसांत तोडलेला असेल, तर त्यात हा अंश भरपूर असतो. बाजारातल्या स्वस्त चिका बहुधा अशाच बांबूच्या असतात. तुम्ही माणगा घ्या. बिनकाट्याचा, सरळ, बुडाकडे भरीव आणि एक-दीड इंच जाडीचा, रिपांसाठी याच्याइतकी चांगली जात कोकणात दुसरी नाही. काटेरी कळक जाड आणि पोकळ, खांबासाठी ठीक, इथे नको.

काठी तीन-चार वर्षांची हवी. कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी आणि कांड्यांवर टोपणं (कोंबाची सुकी आवरणं) चिकटलेली असतात. जून काठी मळकट हिरवी, तिच्यावर दगडफुलासारखे राखाडी ठिपके, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर टणक आवाज. तोड नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, जमिनीलगतच्या पेरावर, पेराच्या अगदी वर. पेराच्या वर वाटी राहिली तर तिच्यात पाणी साचतं आणि बेटच सडायला लागतं.

तोडलेल्या काठ्या वाहत्या ओहोळात दगड ठेवून तीन-चार आठवडे बुडवून ठेवा. पिठूळ अंश पाण्यात उतरतो, वास येतो, घाबरू नका. नंतर सावलीत उभ्या करून महिनाभर वाळवा. उन्हात आडव्या वाळवल्या की तडकतात. ओहोळ आटलेला असेल, किंवा काम पक्कं करायचं असेल, तर टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात काठ्या भिजवा. 17 फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल चर खणून त्यात ताडपत्री अंथरा (ताडपत्रीचं खरं काम इथे आहे). 100 लिटर पाण्याला 3 किलो टाकणखार आणि 2 किलो बोरिक ॲसिड. तुमच्या काठ्या बुडायला 350 लिटर पाणी लागेल, म्हणजे साडेदहा किलो आणि 7 किलो. पावडर आधी बादलीभर गरम पाण्यात विरघळवा, थंड पाण्यात ती तळाशी बसते. वरच्या पोकळ भागातल्या पेरांना लांब गजाने आरपार भोक पाडा, नाहीतर द्रावण आत जात नाही. आठ-दहा दिवस बुडवून ठेवा. हातमोजे घाला, मुलांना आणि गुरांना लांब ठेवा, आणि उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नका. जास्त झालेल्या बोरॉनने झाडं जळतात. एक मर्यादाही ध्यानात असू द्या: हे औषध पावसाने हळूहळू धुऊन जातं. म्हणून जे बांबू पावसाळ्यातही वर राहणार आहेत त्यांना वाळल्यावर डिंबेलाचा, म्हणजे काजूच्या टरफलाच्या तेलाचा, एक हात द्या. डिंबेल कातडीला लागलं तर फोड येतात, तेव्हा ब्रशने लावा आणि हात पोचतील अशा खालच्या भागांना लावूच नका.

हिशेब असा. भिंतीपासून बाहेरच्या पाइपापर्यंत उताराच्या दिशेने 3-3 फुटांवर 6 वासे, प्रत्येकी 13 फूट. त्यांच्यावर आडव्या रिपा दर फुटाला एक, म्हणजे 13, प्रत्येकी 16 फूट, दोन्ही टोकांना अर्धा फूट बाहेर. एकूण 19 काठ्या, मोडतोडीला 3 धरून 22 आणा.

खिळा एकही मारू नका, बांबू उभा चिरतो. 6 मिलिमीटरचा काथ्याचा सुंभ घ्या, तासभर पाण्यात भिजवा म्हणजे मऊ होतो आणि गाठ घट्ट बसते. 78 सांध्यांना प्रत्येकी 4 फूट, म्हणजे शंभरेक मीटर. आधी तिरके दोन फेरे, मग उलट तिरके दोन, आणि शेवटी दोन बांबूंच्या मधून आडवे फेरे मारून आवळायचं. हे शेवटचे आडवे फेरे बरेच जण मारत नाहीत, मग सांधा महिन्यात सैल होतो. बांबू वाळताना जाडीला थोडा आकसतो, त्यामुळे आठ-दहा दिवसांनी सगळ्या गाठी हाताने तपासून सैल झालेल्या पुन्हा बांधा. वासा जिथे लोखंडी पाइपवर बसतो तिथे पाइपला आधी काथ्याचे पाच-सहा वेढे द्या, नाहीतर गुळगुळीत पाइपवरून बांबू सरकतो.

आता झाप. 6 फूट लांब आणि दीड फूट रुंद झाप धरला, तर प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर अर्धा फूट चढवायची, म्हणजे एका ओळीने फूटभर जागा झाकते. एका ओळीत 3 झाप, शेजारच्यावर फूटभर चढवून. 13 ओळी गुणिले 3, म्हणजे 39. फाटकेतुटके धरून 45 विणा. झावळ मधोमध चिरली की एकीचे दोन झाप होतात, तर 23 झावळ्या. 9 माडांवरून प्रत्येकी दोन-तीन. जास्त काढू नका, माडाला महिन्याला साधारण एकच नवी झावळ येते आणि हिरवी पानं ओरबाडली की फळ कमी धरतं. तळाच्या, खाली कललेल्या, पिवळेपणाकडे झुकलेल्या झावळ्याच घ्या. पूर्ण वाळलेली तपकिरी झावळ विणताना तुटते. आणि शेंड्याची मिटलेली पांढरीपिवळी सुई कुणी सजावटीसाठी मागितली तरी देऊ नका. झाडाचा जीव तिथेच असतो.

चिरलेल्या झावळ्या तीन-चार दिवस पाण्यात ठेवा. खाडी जवळ असेल तर खाऱ्या पाण्यात, त्याने कीड कमी लागते. विणताना कणा आपल्या बाजूला, पाती समोर. एकाआड एक पात मागे वळवायची आणि उरलेल्या पातींच्या एकीवरून, एकीखालून तिरकी ओढत न्यायची. पहिल्या हातभर जागेत वीण सैल राहिली तर पुढे सावरता येत नाही, म्हणून सुरुवातीच्या आठ-दहा पाती प्रत्येक वेळी कण्याकडे दाबून घ्या. कडेला उरलेली टोकं तीन पदरी वेणीसारखी गुंफून शेवटच्या पातीने गाठ मारा. विणलेला झाप उन्हाकडे धरून बघा. सुईच्या अग्राएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर वीण जमली. बोट जाईल एवढं भोक दिसलं तर ती पात पुन्हा ओढा. ओले झाप एकावर एक रचून ठेवू नका, दोन दिवसांत आत काळी बुरशी धरते. अंगणात सुटे, एक दिवस या अंगावर, एक दिवस त्या अंगावर वाळवा.

मांडणी बाहेरच्या, सखल कडेपासून सुरू करून भिंतीकडे चढत यायची. कणा वरच्या बाजूला, रिपेवर टेकलेला, वीण खाली लोंबती. प्रत्येक झापाला दोन टोकांना आणि मध्ये अशा तीनच गाठी, बारीक काथ्याने, आणि त्या सुरगाठी. का, ते पुढे येईल. भिंतीच्या बाजूला शेवटच्या ओळीपर्यंत न जाता एक वीतभर फट सोडा. गरम हवा वर चढून तिथून बाहेर पडते, आणि झाप घराच्या कौलांना चिकटले नाहीत म्हणजे उंदीर-विंचवांना थेट माळ्यावर जायची वाटही राहत नाही.

एवढं करूनही संध्याकाळी ऊन लागणार, हे आधीच सांगतो. तुमची जागा पश्चिमेला आहे. एप्रिलच्या मध्यावर संध्याकाळी पाचला तुमच्याकडे सूर्य क्षितिजापासून पंचवीसेक अंशांवर असतो. साडेसात फुटांच्या कडेखालून ते ऊन 16 फूट आत शिरतं आणि तुमची जागाच 12 फुटांची! म्हणजे चहाच्या वेळी भिंतीपर्यंत ऊन. छपर कितीही दाट केलं तरी हे थांबत नाही, उभा आडोसाच हवा. 5 फूट रुंद आणि साडेचार फूट उंच असे तीन पडदे बाहेरच्या पाइपला काथ्याच्या कड्यांनी लटकवा. खाली 3 फूट मोकळे राहिले की वारा येत राहतो, आणि उरलेलं ऊन सहा-साडेसहा फुटांपर्यंत, तेही पायांशी. हे पडदे झापांचेच करा किंवा माणग्याच्या चिरलेल्या कांबींची चिक घरी विणा. खालचे कोपरे नुसते अडकवून ठेवा, पक्के बांधू नका. समुद्रावरून वारा जोराचा आला की पडदा उचलला गेला पाहिजे, नाहीतर तो शिडासारखा फुगून सांगाडा हलवतो.

सजावटीबद्दल. प्लास्टिकच्या वेली आणल्या आहेत, तरी त्या लावू नका असंच सांगतो. खाऱ्या हवेत, उन्हात त्या वर्षात फिकट निळसर पडतात, त्यांचे तुकडे परसात सांडतात, आणि खऱ्या विणीशेजारी त्या केविलवाण्या दिसतात. मांडवाखाली बसलेला माणूस काय बघतो? झापाची खालची बाजू. नवीन असताना ती हिरवी, पंधरा दिवसांत पोपटी, मग मधासारखी सोनेरी होते, आणि दुपारी त्या बारीक ठिपक्यांतून फरशीवर कवडसे पडतात. तीच तुमची सजावट. बाकीचं तिच्यावर मात न करणारं असावं.

पोफळीच्या गळलेल्या विरी (झावळीच्या बुडाची रुंद, जाड आवरणं) गोळा करा. त्या तासभर पाण्यात भिजवल्या की चामड्यासारख्या वळतात. दिव्याची टोपी करायची तर ओली विरी मडक्याभोवती गुंडाळून काथ्याने बांधा आणि सावलीत दोन दिवस वाळू द्या. मडकं काढल्यावर आकार तसाच राहतो. तशीच वाळवली तर ती मन मानेल तशी वळते. आत 5 वॅटपर्यंतचाच एलईडी दिवा, आणि दिवा व विरी यांत चार बोटं अंतर. करवंट्या बाहेरून काचकागदाने घासून खोबरेल तेल चोळलं की काळ्या तुकतुकीत होतात. डोळ्याचं भोक तळाला ठेवून त्यात पोथोस (मनीप्लांट) किंवा नेचा लावा, पाणी साचणार नाही. तीन-चार करवंट्या वेगवेगळ्या उंचीवर एका कोपऱ्यात, बस. सगळीकडे टांगल्या की डोक्याला लागतात. सणाला वरची चौकट मोकळी ठेवा आणि माटवीसारखं ऋतूचं काही बांधा. सुपारीचं शिपटं, आंब्याचा टाळा, केळीचा लोंगर. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गणपतीच्या वर टांगलेल्या माटवीला, म्हणजेच माटोळीला, जे बांधतात ते त्या आठवड्यात रानात असतं तेच, आणि ती शोभा कुठल्याही दुकानात मिळत नाही. तुमच्याकडे कवंडळ मिळालं तर ते लाल फळ बांधा जरूर, पण लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. ते खायचं फळ नव्हे. झापांना व्हार्निश मात्र लावू नका. ते चकचकीत दिसतात, पण ओल आत कोंडते आणि पेट घ्यायला आणखी एक कारण मिळतं.

पेट घेण्याचं गांभीर्याने घ्या. फेब्रुवारीनंतर झाप कागदासारखे पेटतात. मांडवाखाली शेगडी, चूल, पणत्या, मशेरी भाजणं, काहीही नको. फटाके उडवून झाल्यावर, म्हणजे दिवाळी सरल्यावरच झाप चढवा. विजेची वायर झापांत गुंफू नका, उंदीर कुरतडतात. ती पाइपच्या कडेने नळीतून न्या. मांडवाच्या टोकापर्यंत पोचेल एवढा पाण्याचा पाइप नळाला कायम जोडलेला असू द्या.

माणगा नोव्हेंबरात तोडलात तर भिजवून वाळेपर्यंत जानेवारी उजाडेल. नाताळापर्यंत मांडव हवाच असेल तर गेल्या हिवाळ्यात तोडलेल्या सुक्या काठ्या शोधून विकत घ्या, किंवा या वर्षी नाताळापुरत्या पाइपवर नुसत्या झावळ्या टाका. ओला बांबू घाईने चढवून पुन्हा भुसा ओढवून घेऊ नका.

उतरवायची तारीख मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पण 2021 साली तौक्ते वादळ 16-17 मे लाच किनाऱ्याजवळून गेलं आणि 2020 चं निसर्ग 3 जूनला अलिबागजवळ जमिनीवर आलं, तेव्हा मे उजाडला की हवामान खात्याच्या इशाऱ्यांवर लक्ष ठेवा. सुरगाठी सांगितल्या त्या यासाठी. दोन माणसांनी टोक ओढत गेलं तर 40 झाप दोन तासांत खाली येतात. रिकाम्या सांगाड्यातून वारा निघून जातो, झाप असले तर पाइप वाकतात. उतरलेले झाप तरव्याच्या भाजावळीला (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला) कुणीही आनंदाने नेईल. नाहीतर माडाच्या आळ्यात पातळ थर पसरा. पण बुंध्याशी ढीग रचून सडवू नका. सडक्या ओंडक्यांत आणि शेणखतात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तोच पुढे माडाचा शेंडा पोखरतो.

मग पावसाळाभर सांगाडा उघडा बोडका राहणार का? नाही. रिपा आणि वासे तसेच वर ठेवा, आणि पहिला पाऊस जमिनीत मुरला की बाहेरच्या दोन खांबांशी फरशीच्या कडेला दीड फूट खोल खड्डे करून शेणखत घालून पडवळ, दोडकी आणि कारल्याच्या बिया लावा. एका खड्ड्यात तीन बिया, उगवल्यावर दोन रोपं ठेवा. चढायला काथ्याचे दोर सोडा. जुलैअखेर वेल रिपांवर पसरतो आणि गणपतीच्या सुमाराला खाली पडवळं लोंबू लागतात. प्रत्येक पडवळाच्या टोकाला सुपारीएवढा खडा दोऱ्याने बांधा म्हणजे ते सरळ लांब वाढतं. न बांधलेलं पडवळ गुंडाळत जातं आणि चिरताना त्रास देतं.